जुनी स्की बोट खाडीत मध्येच दम सोडते: बिघाड पकडायचा कसा

जेट्टीवर पहिल्या सेल्फला इंजिन सुरू होतं. आयडलला एकसारखं चालतं, धूर नाही, वेगळा आवाज नाही. खाडीत बाहेर पडून थ्रॉटल पुढे केला की बोट नाक उचलते, थोडा वेळ छान पळते आणि मग एकदम बसते. थ्रॉटल मागे घेतला की सावरते. परत पुढे केला की परत तेच. संध्याकाळी मेकॅनिक येतो, बांधलेल्या बोटीचं इंजिन रेस करून बघतो आणि त्याला काही सापडत नाही. मग कार्बोरेटर खोलला जातो, कारण तो समोर दिसतो. त्याचं किट बदलतात, प्लग बदलतात, कॉइल बदलतात. पुढच्या रविवारी बोट पुन्हा दम सोडते.

ठाणे खाडीवर बेलापूर-नेरुळच्या बाजूला जुन्या बोटींची कामं करताना ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. मी म्हणतोय त्या स्की बोटी, म्हणजे पाण्यावर स्की करणाऱ्याला दोरीने मागे ओढणाऱ्या, १९८०-९०च्या दशकांतल्या आहेत. इंजिन मधोमध पेटीत, तिथून सरळ शाफ्ट, खाली पंखा. इंजिन बहुधा फोर्डचं ३५१ म्हणजे ५.८ लिटर, नाहीतर शेव्हरोलेटचं ३५० म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८, कार्बोरेटरवालं. इंजिन दणकट असतं. दुखणं बहुतेक वेळा त्याच्या बाहेर, टाकी आणि पेट्रोल पंप यांच्या मधल्या तीन-चार मीटरमध्ये असतं. पण ते गृहीत धरून कामाला लागू नका. येऊन-जाऊन असणारा बिघाड चालू असतानाच बघावा लागतो, आणि पाना हातात घेण्याआधी ताकद नेमकी कशी गेली ते टिपून ठेवावं लागतं.

आधी काट्याकडे बघा

बोट बसते त्या क्षणी एकाने फक्त टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर, नजर ठेवायची. चालवणाऱ्याने नाही, दुसऱ्या माणसाने. चालवणाऱ्याचं लक्ष पाण्यावरच हवं, कारण वाशी पुलाच्या दक्षिणेला बार्ज आणि मासेमारीच्या होड्या सतत येत-जात असतात. बिघाड सापडेपर्यंत मागे कुणालाही दोरीवर घेऊ नका. वजन हवं असेल तर चार माणसं बोटीत बसवा.

जुन्या इंजिनांत टॅकोला सिग्नल ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या निगेटिव्हवरून जातो. म्हणून बोट अजून पुढे सरकत असताना, पंखा फिरत असतानाच काटा झटक्यात शून्यावर आला किंवा वेड्यासारखा उड्या मारू लागला, तर ठिणगीकडची वीज तुटते आहे. काटा हळूहळू उतरला, ३६०० वरून ३०००, मग २५०० आणि इंजिन घुसमटल्यासारखं वाटलं, तर पेट्रोल कमी पडतंय. काटा वर चढला आणि बोट मात्र मंदावली, तर इंजिन ठीक आहे. ताकद गिअरबॉक्समध्ये किंवा पंख्याशी वाया जाते आहे. या एका निरीक्षणाने अर्धं काम होतं.

बाकी चार गोष्टीही टिपा. किती वेळ पळाल्यावर बसली? टाकी भरलेली होती की अर्धी? तापमानाचा काटा कुठे होता? इंजिन बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा निघाल्यावर जास्त होतं का? टाकी अर्ध्यावर आली की त्रास सुरू होतो आणि भरली की जातो, असं असेल तर टाकीत उतरणाऱ्या नळीला मध्येच चीर असण्याची शक्यता मोठी. पातळी चिरेच्या खाली गेली की नळी पेट्रोलबरोबर हवा ओढते. ही तक्रार सांगताना मालक सहसा टाकीचा उल्लेखच करत नाहीत, म्हणून मी ते मुद्दाम विचारतो.

आयडलला चालते, पळताना का मरते

आयडलला हे इंजिन तासाला तीन-चार लिटर पेट्रोल पितं. पूर्ण थ्रॉटलला तेच ७०-८० लिटरवर जातं, म्हणजे मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास. पाइपात कुठेही अडथळा असला तरी तीन लिटर आरामात पोचतात. सत्तर पोचत नाहीत. कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर बोट काही क्षण जोरात पळते, वाटी रिकामी झाली की बसते. थ्रॉटल मागे घेतला की वाटी भरते आणि बोट सावरते. जेट्टीला बांधलेल्या बोटीवर हे कधीच दिसणार नाही. तिथे इंजिन कितीही रेस केलं तरी त्याच्यावर भार नसतो.

आता टाकीकडून पंपाकडे एकेक जागा बघत या.

पहिला टाकीचा व्हेंट. पेट्रोल जाईल तशी टाकीत हवा यायला हवी. बाहेरच्या छोट्या जाळीत मीठ साचतं, कुणीतरी रंग मारताना ती बुजवतं, आणि पावसाळाभर बोट शेडमध्ये उभी राहिली की कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर बांधते. बोट बसल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि त्यानंतर बोट नीट पळाली, तर दुखणं व्हेंटमध्येच आहे. बारीक तारेने जाळी साफ करा आणि व्हेंटच्या पाइपाला कुठे पोट पडून त्यात पेट्रोल साचलेलं नाही ना, तेही बघा.

पुढे टाकीच्या तोंडावर जिथे पाइप जोडतो तिथे एक पितळी किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा असतो. आत स्प्रिंगवर बसलेली गोळी. हा अँटी-सायफन व्हॉल्व्ह. पाइप फुटला तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बोटीच्या तळात ओतलं जाऊ नये म्हणून तो असतो. गोळीवर पांढरट-हिरवी पूड धरली की ती अर्धवटच सरकते. काढून दोन्ही बाजूंनी फुंकून बघा, स्प्रिंग पिनने दाबून बघा. शंका वाटली तर नवा घाला. तो काढून साधा निपल बसवायचा सल्ला जेट्टीवर हमखास मिळतो. मी तो कुणालाही देणार नाही. इंजिन बंद पेटीत आहे आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळातच बसून राहते.

टाकीतल्या नळीच्या टोकाला काही बोटींत बारीक जाळी असते. जुन्या पाइपाचा तुकडा, पॅकिंगचा कण किंवा कॅनच्या तोंडाच्या सीलचा चकचकीत तुकडा त्या जाळीला ओढला जाऊन चिकटतो आणि इंजिन बंद केलं की गळून पडतो. मालक सांगतो, "थोडा वेळ थांबलो की आपोआप बरी होते." ते खरंच असतं. नळी बाहेर काढून टॉर्चने टाकीचा तळ बघितल्याशिवाय हे उलगडत नाही.

मग फिल्टर. पाणी वेगळं करणारा गोल फिल्टर असेल तर तो भरलेलाच काढून स्वच्छ काचेच्या बरणीत ओता आणि पंधरा मिनिटं हलवू नका. २०२५पर्यंत आपल्या पंपांवर सगळीकडे ई-२० आलं, म्हणजे पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल दमट हवेतून पाणी ओढतं, आणि खाडीकाठी जूनपासून हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी वेगळा थर होऊन बसतात. बरणीत तो थर स्पष्ट दिसतो. बोट वेगात उसळली की तो थर नळीच्या तोंडाशी येतो, इंजिन दोन झटके देतं, पुन्हा सावरतं. फिल्टर बदलून हे जात नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे बघायचं असेल तर मापाच्या नळीत ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. तो २८ मिलीच्या आसपास गेला तर वीस टक्के भरलं. हे उघड्यावर करा, सिगारेटवाल्याला लांब ठेवा.

पाइपाच्या पोटात

घोडबंदर रोडच्या एका मालकांची बोट याच तक्रारीने माझ्याकडे आली. दुसरीकडे तिचा कार्बोरेटर दोनदा उघडला होता, कॉइल नवी होती, प्लग नवे होते. व्हेंट साफ, गोळीचा व्हॉल्व्ह मोकळा, बरणीत पाणी नाही. टॅकोचा काटा मात्र दर वेळी हळूहळू उतरायचा, म्हणजे पेट्रोलच. दिवाळे गावातला एक पोरगा ती बोट चालवतो. तो म्हणाला, "दादा, कार्बोरेटरच्या तोंडाची जाळी साफ केली की दोन दिवस बरी चालते."

जाळी उघडली तर त्यात काळे, मऊ कण होते. बोटांत चुरडले की काळी रेघ उमटायची. इथेच उत्तर होतं. जाळीत काय सापडतं त्यावरून ते कुठून आलं ते कळतं. काळे मऊ कण पाइपाचे. तांबूस चुरा लोखंडाच्या गंजाचा. पांढरट पूड अॅल्युमिनियमच्या टाकीची किंवा जोडाची. जाळी धुवून टाकण्याआधी ती पांढऱ्या कागदावर आपटा आणि नीट बघा.

टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप बाहेरून उत्तम होता. चीर नाही, कडकपणा नाही, छापलेली अक्षरंही वाचता येत होती. काढून ब्लेडने उभा चिरला. आतलं काळं अस्तर कापडाच्या थरापासून सुटलं होतं आणि एका जागी त्याची जिभेसारखी पट्टी लोंबत होती, टोक पंपाच्या दिशेला. हलक्या प्रवाहात ती पट्टी भिंतीला चिकटून राहायची. पंपाने जोरात ओढलं की उठून उभी राहायची आणि पाइप बंद. बोटाने दाबली तर चिकट डिंकासारखी हाताला लागली. जुन्या रबराचं इथेनॉल हेच करतं, आणि या बोटींतले मूळ पाइप इथेनॉल आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

नवा पाइप घेताना गाडीचा घेऊ नका. त्याच्यावर आयएसओ ७८४० छापलेला, बोटीसाठीचा, आगीत काही काळ तग धरणारा पाइप घ्या. आतला व्यास १० मिलीमीटर. क्लिप स्टेनलेसच्या. पाइप दहा वर्षांपेक्षा जुना असेल आणि तारीख वाचता येत नसेल, तर तपासण्यात वेळ घालवण्यापेक्षा बदलून टाकणं मला पटतं.

वेगळ्या टाकीची चाचणी

पाइप उघडायचा नसेल किंवा सगळं तपासूनही खात्री होत नसेल, तर सगळ्यात निर्णायक चाचणी ही. बोटीची टाकी आणि पाइप बाजूला ठेवून थेट पंपाला दुसऱ्या टाकीतून पेट्रोल द्या. कोळीवाड्यात आउटबोर्डची लाल टाकी सहज मिळते. तिच्याबरोबरचा पाइप, रबरी फुगा आणि झटपट जोड मात्र वापरू नका. ते छोट्या इंजिनासाठी असतात, व्ही-८ला पूर्ण थ्रॉटलला अपुरे पडतात आणि तुम्हाला खोटंच उत्तर मिळतं. टाकीतून सरळ १० मिलीमीटरचा नवा पाइप काढा. टाकी इंजिनाच्या पेटीबाहेर घट्ट बांधा, तिच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा ठेवा. २५ लिटरची टाकी पूर्ण थ्रॉटलला वीस मिनिटंच पुरते, हेही लक्षात ठेवून परतीचं अंतर मोजा.

बोट नीट पळाली तर दोष टाकी ते पंप यांच्यामध्ये. तरीही बसली तर पंप, कार्बोरेटर किंवा ठिणगी.

टाकी न बदलताही एक मोजमाप होतं. पंपाच्या आधी टी जोडून व्हॅक्यूम गेज लावा. आयडलपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंत रीडिंग पाऱ्याच्या दोन इंचांच्या आत राहायला हवं. चार-पाचवर गेलं की वाटेत अडथळा आहे. गेजच्या जवळ वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडला तर बुडबुडेही दिसतात. व्हॅक्यूम कमी आणि बुडबुडे भरपूर, तर कुठेतरी हवा शिरते आहे. ओढणाऱ्या बाजूच्या सैल जोडातून हवा आत जाते पण पेट्रोल बाहेर येत नाही, म्हणून तो जोड कोरडा दिसतो. चाचणी झाली की पारदर्शक पाइप लगेच काढा.

पंप पास करायचा असेल तर पंपाच्या पुढचा दाब बघा. या इंजिनांना ४ ते ७ पीएसआय लागतो, आणि बोट बसते त्या क्षणीही तो टिकला पाहिजे. बोटीच्या पंपाला एक बारीक पारदर्शक नळी वर कार्बोरेटरकडे गेलेली असते. तिच्यात पेट्रोल दिसलं तर आतला पडदा फाटलाय. बोट तिथेच थांबवा, पंप बदला.

ठिणगी

काटा झटक्यात पडत असेल तर टायमिंग लाइट, म्हणजे वायरीतून ठिणगीची वीज गेली की चमकणारा दिवा, कॉइलच्या जाड वायरीला लावा आणि बोट पळवा. इंजिन मरताना दिवाही लुकलुकून विझला तर वीज जाते आहे. दिवा चालूच राहिला तर पुन्हा पेट्रोलकडे वळा. पेटी उघडी ठेवून हे करावं लागतं, म्हणून लाइट धरणाऱ्याच्या अंगावर सैल कपडे, गळ्यात काही लोंबतं नको. पट्टा आणि पुली उघड्यावर फिरत असतात.

या बोटींत मला सगळ्यात जास्त सापडतो तो वायरिंगचा मोठा गोल प्लग, जिथे इंजिनाची वायरिंग डॅशबोर्डच्या वायरिंगला जोडते. पिना हिरव्या पडलेल्या असतात. इंजिन चालू ठेवून तो हलवा, स्टार्टरची किल्ली हलवा, सेफ्टी दोरीचा स्विच हलवा. कशानेही इंजिन अडखळलं तर तिथेच थांबा. नुसतं घासून साफ करणं तात्पुरतं आहे. काळी पडलेली पिन बदला, जोड नीट दाबून बसवा.

कॉइल गरम झाली की मरते आणि थंड झाली की जगते, हे खरं आहे, पण ती गरम का होते ते आधी बघा. पॉइंटवाल्या, म्हणजे उघड-बंद होणाऱ्या धातूच्या संपर्कावर ठिणगी पाडणाऱ्या, जुन्या इंजिनात चालू असताना कॉइलला बारा व्होल्ट मिळत नाहीत, रेझिस्टरमधून उतरून नऊच्या आसपास मिळतात. कुणीतरी वायरिंग करताना तो रेझिस्टर वगळला असेल तर नवी कॉइलही उन्हाळ्यात जळणार. पॉइंटची फट सुमारे ०.४ मिलीमीटर. एकेका प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी अंधार पडल्यावर, इंजिन चालू ठेवून बघा. मिठाचा थर असेल तर निळ्या रेषा पळताना दिसतात. पण त्याआधी पेटीचा ब्लोअर चालवलेला हवा आणि पेट्रोलचा वास शून्य हवा.

याच कारणासाठी डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर, अल्टरनेटर आणि कार्बोरेटर तुर्भ्याच्या गाड्यांच्या दुकानातून आणू नका, ते दिसायला हुबेहूब असले तरी. बोटीच्या भागांना ठिणगी बाहेर पडू नये आणि पेट्रोल तळात सांडू नये अशी रचना केलेली असते. गाडीखाली वारा असतो, बोटीच्या पेटीत नसतो. दर वेळी सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर.

बाकीची कारणं

तापमानाचा काटा चढून मग ताकद गेली तर पाणी कमी पडतंय. आपल्या खाडीत प्लास्टिक पिशवी पाणी ओढायच्या तोंडावर चिकटते आणि वेग कमी केला की सुटून जाते, त्यामुळे हाही बिघाड येऊन-जाऊन वाटतो. ओहोटीला गाळातून बोट काढण्याची सवय असेल तर पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर दर मोसमात बदला. पिशवी पंख्याला गुंडाळली तर टॅकोचा काटा उतरतो आणि बोट थरथरते. टॅकोचा काटा चढून बोट मंदावली तर गिअरबॉक्सचं तेल बघा. तेल कमी किंवा जळकट वासाचं असेल तर आतल्या प्लेटा घसरतायत. एक्झॉस्टच्या रबरी पाइपाचं अस्तरही आत सुटतं, पण तेव्हा ताकद येऊन-जाऊन न राहता हळूहळू कायमची कमी होते.

चाचणीसाठी भरतीची वेळ धरा आणि बेलापूर-नेरुळच्या बाजूचं खोल पाणी घ्या. ऐरोली आणि वाशी पुलांमधल्या पट्ट्यात फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२पासून ते रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. तिथे पूर्ण थ्रॉटलला बोट पळवू नका.

दुरुस्तीनंतर जेट्टीवर हातात हात देऊन मोकळं होऊ नका. त्याच भाराने, तितकीच माणसं बसवून, पूर्ण थ्रॉटलला टाकी अर्ध्याच्या खाली जाईपर्यंत चालवा. व्हॅक्यूमचं रीडिंग तेव्हाचं लिहून ठेवा आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह टाका. पुढच्या वर्षी बोट पुन्हा अडखळली तर पहिल्यांदा गेज लावा आणि तो आकडा ताडून बघा.